खोट्या जखमा आणि हिराकाकी

नवापुरात माझी ओळख ‘मिलिटरीतला डॉक्टर’ अशी आहे. यातलं मिलिटरी खरं आहे. डॉक्टर मी नाही. अठ्ठावीस वर्षं लष्कराच्या वैद्यकीय शाखेत मी नर्सिंग असिस्टंट होतो. डॉक्टर येईपर्यंत माणूस डॉक्टरसाठी शिल्लक ठेवायचा, हे माझं काम. सुट्टीवर आलो की पहिले दोन दिवस हा फरक समजावण्यात जायचे, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी दाढ दुखते म्हणून तोंड उघडून ओट्यावर बसलेलं असायचं. एकदा एका मामांनी मला त्यांच्या बोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकायला नेलं. ‘माणसाच्या छातीतला कळतो, तर ह्याचापण कळेल,’ असं त्यांचं म्हणणं. मी ऐकला. काही कळलं नाही. ‘विश्रांती द्या’ म्हणून सांगितलं. इंजीन दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू झालं आणि माझी डॉक्टरी आणखी पक्की झाली.

नोकरीची शेवटची नऊ वर्षं मी शिकवायला होतो. मित्रदेशांच्या सैन्यातले आमच्यासारखेच लोक आमच्याकडे यायचे, कधी आम्ही तिकडे जायचो. देशांची नावं लिहीत नाही. कुणी मनाई केलेली नाही, पण इतक्या वर्षांच्या सवयीने हात वळत नाही. घरातल्यांना सगळी माहीत आहेत, कारण प्रत्येक देशातून मी एकेक चहाचा मग आणलाय आणि त्यातला एकही बायको पाहुण्यांसमोर काढत नाही.

शिकवायचो काय? रक्त थांबवा, श्वास चालू ठेवा, अंग गार पडू देऊ नका, आणि उचला. शास्त्र एवढंच. पण हे चार शब्द हातात उतरायला सहा आठवडे लागतात. समोर माणूस ओरडत असताना आपलं डोकं सर्वांत आधी पळून जातं, हातांना एकट्यांनाच काम करावं लागतं. आणि शिकवणं एकाच बाजूने होतं असं नाही. उदाहरण सांगतो. पायातून रक्ताची धार लागली की वरच्या बाजूला पट्टा आवळून बांधतात. पट्टा कधी बांधला ती वेळ जखमीच्या कपाळावर पेनाने लिहायची, असं आम्ही शिकवायचो, म्हणजे पुढच्या डॉक्टरला शोधावं लागत नाही. एका देशाचा हवालदार पट्टा बांधण्यात सगळ्यांत तरबेज, पण लिहायची वेळ आली की पेन धरून नुसता उभा राही. शेवटी बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, “साहेब, आमच्यात परक्याच्या डोक्याला हात लावत नाहीत. उद्या हा वाचला तर माझ्याशी बोलणार नाही.” त्याला म्हटलं, “तो वाचला तर तेवढं चालेल की.” त्याला ते पटलं नाही. त्या तुकडीपुरती वेळ मनगटावर लिहायची ठरली, आणि गंमत म्हणजे मनगटावरचं पुसलं कमी जातं हे आम्हालाही तेव्हाच कळलं. कपाळ घामेजतं ना.

घामावरून आठवलं असं म्हणणार होतो, पण खरं म्हणजे त्यासाठीच हे लिहायला बसलोय.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी दोन मित्रदेशांच्या वैद्यकीय पथकांबरोबरचा आपत्तीचा सराव आमच्या जिल्ह्यात ठरला. किनाऱ्यावर वादळ आलं, मासळी सुकवायच्या शेडचं छप्पर कोसळलं, चाळीस माणसं जखमी, अशी कल्पना. जागा निवडता निवडता ती नेमकी नवापूरच्या सुरूच्या बनामागची निघाली. पालघरच्या बैठकीत आमच्या मेजरसाहेबांनी माझ्याकडे बघून सांगितलं, “सुभेदारसाब, गाँव आपका है. घायल आप लाइए.”

अशा सरावात जखमी खोटे असतात, पण माणसं खरी लागतात. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड अडकवायचं, त्यावर त्याला काय झालंय ते लिहायचं. मेणाच्या जखमा चिकटवायच्या, वरून रक्त ओतायचं, चेहऱ्यावर पाणी आणि ग्लिसरीन फवारून घाम आणायचा. मग शिकाऊ मेडिक पळत येतात आणि प्रत्येकाला रंगीत चिठ्ठी बांधतात. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता. पिवळी म्हणजे थोडा थांबू शकेल. हिरवी म्हणजे चालत जाईल. काळी म्हणजे आता घाई नाही. आमच्यासारखे परीक्षक हातात कागद लावलेली पाटी घेऊन मागे उभे राहतात आणि बरोबर रंग बांधला की गुण देतात, चुकला की कापतात.

जखमी गोळा करायला मला दोन दिवस लागतील असं वाटलं होतं. दोन तास लागले. परदेशी पाहुण्यांसमोर पडायला मिळणार म्हटल्यावर अर्धा गाव पडायला तयार झाला. सराव रविवारी होता, त्यामुळे बोईसरच्या कारखान्यांतली दहा-बारा पोरंही आली. त्यातला एक डोळे चोळत म्हणाला, “सर, हमको मरनेवाला दीजिए. नाइट ड्यूटी करके आए हैं.” त्याला काळ्या चिठ्ठीचा मान दिला. सराव संपल्यावरही अर्धा तास तो कुणाला उठवता आला नाही.

हिराकाकी ही माझ्या धाकट्या काकाची बायको. काका गेल्याला बरीच वर्षं झाली. काकी अजून बोईसरच्या बाजारात मासळीची टोपली घेऊन बसते. माझ्या प्रत्येक पोस्टिंगवर तिने सुके बोंबील पाठवलेत. एकदा बर्फातल्या चौकीत ते पार्सल उघडलं आणि पंजाबी सोबत्यांनी मला बाहेर झोपायला सांगितलं. अशी काकी सरावाला येणार नाही असं कसं होईल?

“तुला मेलेली करू?” मी विचारलं. “नुसतं पडून राहायचं काम.”

“मेलेली कशाला? नातवाचा लगीन बाकी हाय माझ्या.”

“मग पाय मोडलेली?”

“पाय मोडला तर बाजारात कोन बसल, तू? गुडघे दुखतात, ते खरे हायत, ते घाल ना कागदावर.”

शेवटी तिला कार्ड मिळालं ते असं: डोक्यात पत्रा पडला आहे, अर्धवट शुद्धीत, बडबडते, हाकेला उशिरा ओ देते. बरोबर रंग पिवळा. “बडबडाचा ना?” काकी म्हणाली. “ते जमल.”

आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांना देवळासमोर बसवून नियम सांगितले. मुख्य नियम असा की कुणाला खरोखरच काही झालं तर हात वर करायचा. परीक्षक तीन शिट्ट्या मारेल आणि जगात काहीही चाललेलं असो, सराव तिथल्या तिथे थांबेल. हा नियम सगळ्या देशांत सारखा आहे, आणि तो सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर आपलं गाव, मागे सतरंजीवर आपली सासुरवाडी. मी पुढे म्हणालो, “पण उगाच हात वर करू नका. पाहुणे बघायला बसणार आहेत. कुणी मध्येच उठून तंबाखू मळत बसलं तर नवापूरची लाज जाईल. काही झालं तरी नाटक सोडायचं नाही.”

नियम लष्कराचा होता. ‘पण’ माझा होता.

पाहुण्यांच्या पथकात पेमा नावाची एक सार्जंट होती. डोंगराळ देशातली. वय सव्वीस-सत्तावीस. समुद्र तिने पहिल्यांदाच पाहिला होता. पहिल्या दिवशी ओहोटी लागली तेव्हा ती माझ्याकडे काळजीने आली आणि विचारू लागली, “सर, पानी कहाँ गया?” हिंदी ती टीव्हीवरच्या मालिका बघून शिकलेली, त्यामुळे साधा चहा मागतानाही तिचा आवाज घरात काहीतरी भयंकर घडल्यासारखा लागे. काकीने तिला घरी बोलावून तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण खाऊ घातलं होतं, आणि तिचे गाल दोन्ही हातांनी चेपून बघून म्हणाली होती, “थंडीतली पोर. गाल बग कसे, सफरचंद.” दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघी तासभर बोलत होत्या.

सरावाच्या दिवशी सकाळी दहाला भोंगा वाजला. त्याच्या आधी मी सगळ्यांना झोपवून, फवारून, रंगवून आलो होतो. माझी बायको सुनंदा रक्ताची बाटली घेऊन फिरत होती. ते रक्त आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्याच पातेल्यात शिजलं होतं. कुणाचं सुकलं की ती थोडं वाढत होती, लग्नाच्या पंगतीत आमटी वाढावी तसं. मंडपात पाहुणे, त्यांच्या बायका, आमचे साहेब लोक. मी जरा वेळ त्यांच्यापाशी उभा राहून कोण कुठे पडलंय ते दाखवलं आणि मग पाटी घेऊन माझ्या रांगेत आलो. त्या रांगेत काकी होती. सुरूच्या सावलीत उताणी, पिवळं लुगडं, कपाळावर मेणाची जखम.

पेमा पळत आली, गुडघ्यावर बसली. गळ्यातलं कार्ड तिने न वाचता उलटं करून ठेवलं. मी मनात तिला शाबासकी दिली, कारण ते माझंच शिकवणं होतं. कागद नंतर, माणूस आधी.

“काकी? काकी, आँख खोलो.”

काकीने डोळे अर्धे उघडले आणि पुटपुटली, “दोनशेला नाय… घेयाचा तर घे… बर्फ सरला.”

मला हसू आवरेना. काय काम करते बाई! बडबडायला सांगितलं तर बाजार मांडला. चेहरा घामाने निथळत होता; मला वाटलं, आपण फवारा जरा जास्तच मारला. पेमाने तिच्या मानेखाली हात घातला, मग आणखी खाली, पाठीखाली. हात बाहेर काढून स्वतःच्याच तळव्याकडे बघितलं. आणि खिशातून लाल चिठ्ठी काढून बांधली.

मी पाटीवर दोन गुण कापले.

हे मी आज लिहितोय तेव्हाही ती पाटी दिसते. निळ्या पेनाने, व्यवस्थित, उणे दोन.

“सर,” पेमा म्हणाली, “सीटी बजाइए.”

“क्यों?”

“ये नाटक नहीं है.”

मालिकेतल्या बाईसारखा आवाज, डोळे मोठे केलेले. ही एरवी चहासुद्धा याच आवाजात मागते, हे माझ्या डोक्यात आलं. मी हळू आवाजात तिला समजावलं, “बेटा, मैं इसको जानता हूँ. मेरी काकी है. बहुत ड्रामा करती है.” आणि हेही म्हणालो, की कार्ड वाच, बडबडते असंच लिहिलंय.

“कार्ड में पीठ का पसीना लिखा है?”

मी कार्ड सुलटं करून बघितलं.

“आपने पीठ पर स्प्रे किया था, सर?”

पाठीवर कोण फवारणार? पाठ वाळूला टेकलेली. तरी मी मंडपाकडे बघितलं. मेजरसाहेब पाहुण्यांना काहीतरी दाखवत होते. आत्ता तीन शिट्ट्या मारल्या, आणि काकी उठून बसून ‘कशी केली अॅक्टिंग?’ म्हणाली, तर? दोन देशांसमोर? मी शिट्टी तोंडापर्यंत नेली आणि म्हणालो, “एक मिनट देखते हैं.”

इतकी वर्षं मी लोकांना शिकवत आलो की एक मिनिट बघू असं म्हणायचं नाही.

पेमाने तेवढं मिनिट दिलं नाही. माझ्या गळ्यातल्या दोरीला धरून तिने मला खाली ओढलं, शिट्टी माझ्या हातातून काढली आणि स्वतः वाजवली. तीन वेळा. एका परदेशी सार्जंटने भारतीय सुभेदाराची मान धरून त्याच्या शिट्टीतून त्याच्याच गावातला सराव थांबवला. मैदान एकदम गप्प झालं. फक्त काळ्या चिठ्ठीवाल्याचं घोरणं ऐकू येत होतं.

मग माझे हात जागे झाले. काकीचा हात उचलला, तो बर्फातल्या पापलेटासारखा गार. पेमाने तोवर बोटाला सुई टोचून साखर बघितली. यंत्रावर आकडा आला अडतीस. माणसाची साखर याच्या जवळजवळ दुप्पट तरी असायला हवी. आणखी उतरली तर झटके येतात, मेंदू विझायला लागतो, आणि काही वेळाने चिठ्ठीचा रंग बदलावा लागतो.

“ग्लुकोज!” मी ओरडलो. पेमाने आपली बॅग उघडली आणि माझ्याकडे बघितलं. सरावाच्या बॅगेतल्या सगळ्या कुप्यांत पाणी होतं. प्रत्येकीवर लाल शिक्का: फक्त प्रशिक्षणासाठी. शिक्के मीच मारले होते. खरी अॅम्ब्युलन्स नियमाप्रमाणे हजर होती, पण बनाच्या पलीकडे, रस्त्यावर. मऊ वाळूत ती चाकांवर येऊ शकत नव्हती. तिथून डॉक्टर पळत निघाला असणार, पण मधे सगळं बन होतं.

सुनंदा बाटली छातीशी धरून धावत आली. “अहो, आज संकष्टी! काल रात्रीपासून त्यांच्या पोटात काही नाही.”

“आणि मधुमेहाची गोळी?”

घेतल्याचं सुनंदाने मानेनेच सांगितलं. साखरेची गोळी चुकवायची नाही, न्याहारीआधी रोज घ्यायची, काय वाटेल ते झालं तरी, हे दर रविवारी फोनवरून काकीला दटावणारा मी. काकीने पहाटे गोळी घेतली होती. न्याहारी उपासामुळे केली नव्हती. मग बोईसरला जाऊन टोपली विकून आली होती, कारण उपास तोंडाला असतो, टोपलीला नसतो. आणि मग येऊन माझ्या सांगण्याप्रमाणे आडवी झाली होती. देवाचं ऐकलं, गोळीचं ऐकलं, माझं ऐकलं. कुणाचंच मोडलं नाही.

“साखर आण कुठून तरी,” मी म्हणालो.

सुनंदाने हातातली बाटली माझ्यासमोर धरली. “अहो, हा पाकच आहे की! साखरेचा पाक आणि खायचा रंग. दुसरं काय घालणार होते मी त्यात?”

बेशुद्धीकडे झुकलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं. ते श्वासनलिकेत जातं आणि मग आपण एका संकटावर दुसरं विकत घेतो. काकीला कुशीवर वळवलं. पेमाने जबडा धरला. मी बोट पाकात बुडवून तिच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळत राहिलो. थोडं, परत थोडं. मंडपातून काय दिसलं असेल ते आता कळतं: सुभेदार स्वतःच्या काकीला रक्त चाटवतोय. एक पाहुण्या बाई उठून उभ्या राहिल्या असं नंतर कानावर आलं.

“काकी. ए काकी. माझ्याकडे बघ.” मी बोलत होतो. काकी आता बाजारभावही बोलत नव्हती. बडबड बंद झाली होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा तिचं बोलणं हवं होतं.

मग वाळूत पाय रुतवत आमचा तरुण कॅप्टन डॉक्टर आला. धापा टाकत होता, पण शीर पहिल्या प्रयत्नात मिळाली. खऱ्या कुपीतलं खरं ग्लुकोज आत गेलं. पाकाने किती काम केलं, मी नंतर त्याला विचारलं. तो हसून म्हणाला, “काम माझ्या इंजेक्शनने केलं, साहेब. पण तोपर्यंत तुम्ही काहीतरी करत होतात, ते वाईट नव्हतं.” ही आमच्या अख्ख्या पेशाची व्याख्याच म्हणायची.

तीन-चार मिनिटांत काकीचे डोळे उघडले. ओठ, हनुवटी, दात, सगळं लालभडक. आजूबाजूला तीन देशांचे गणवेश. तिने मला शोधलं आणि ओठ न हलवता, कुणाला कळू नये अशा बेताने, विचारलं,

“बाला, उठू का रे आता?”

मी उठून सुरूच्या झाडामागे गेलो. काय केलं ते लिहीत नाही. पेमा थोड्या वेळाने आली आणि माझ्या काखेतली पाटी काढून घेतली. मी ती अजून धरून होतो.

त्या गोळीचा अंमल दिवसभर राहतो, साखर पुन्हा पुन्हा उतरू शकते, म्हणून काकीला बोईसरच्या दवाखान्यात ठेवलं. तिथे दुसरं युद्ध सुरू झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता जेवायचं. काकी म्हणाली, चंद्र दिसल्यावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, उपास तर मोडलाच, सलाईन चालू आहे. काकीने हाताकडे बोट दाखवलं. “ते शिरेतून गेला. तोंडातून गेला काय?”

“आणि मी चोळलेला पाक?” मी म्हणालो.

“साखर उपासाला चालते.”

“रंगाचं काय?”

“रंग तुझ्या बायकोनं घातला. तिचा पाप तिच्याकडं.”

शेवटी साबुदाण्याच्या खिरीवर तह झाला. पेमा परवानगी घेऊन भेटायला आली होती, तिने वाटी धरली आणि काकीने ती मुकाट्याने संपवली. आम्ही कुणी धरली असती तर तासभर लागला असता.

पेमा बाहेर गेल्यावर मी काकीजवळ बसलो. विचारायचं नव्हतं, पण राहवेना.

“काकी, आधीपासून बरं वाटत नव्हतं?”

“नव्हता ना. डोळ्यापुढं चांदण्या. हात कापत होते.”

“मग हात वर का नाही केलास? सांगितलं होतं ना मी?”

काकीने सलाईन नसलेला हात छातीपर्यंत उचलून दाखवला.

“केला होता रे. अर्धा. तवा तू मंडपात उभा राहून त्या लोकांना माझ्याकडं बोट करून सांगत होता. मी म्हटला, हा आता सांगत असल, ही माझी काकी. मग घेतला खाली.”

तसंच सांगत होतो मी. शब्दन् शब्द. दॅट लेडी इन यलो, माय आंटी.

माझ्या नोकरीत मी गोळी लागलेली माणसं पाहिली, दरीतून काढलेली पाहिली. त्यातली काही हातात राहिली नाहीत, आणि ती सगळी नावासकट लक्षात आहेत. पण अर्धा वर आलेला आणि माझ्या अभिमानापायी खाली गेलेला तो हात मी पाहिलाही नव्हता. तोच जास्त दिसतो.

दुसऱ्या दिवशी सरावानंतरची चर्चा होती. अशा चर्चेत काय चुकलं ते उभं राहून सांगायचं असतं, आणि एरवी सगळे दुसऱ्याचं सांगतात. मी उठलो, पाटी वर धरली आणि सांगितलं, की सार्जंट पेमाचे मी कापलेले दोन गुण चुकीचे होते. शिट्टी माझ्या हातात होती आणि मी वाजवली नाही. जखमी लोकांना मी नियमात नसलेली सूचना दिली. आणि ज्या बाईची गोळी मी चालू ठेवायला लावली, तिच्या उपासाची चौकशी मी कधी केली नाही. तिन्ही देशांचे लोक ऐकत होते. पेमाची मान खाली होती. गुरूच्या गळ्यातली दोरी ओढली याचीच तिला अजून लाज वाटत होती. मेजरसाहेबांनी एवढंच विचारलं, “आगे क्या करेंगे?” तेव्हापासून त्या सरावाच्या यादीत, जखमीच्या नावापुढे, जखमेच्याही आधी दोन प्रश्न आले: आज काय खाल्लं? कोणती गोळी घेतली? आणि बॅगेत एक तरी कुपी खरी.

काकीची गोळी डॉक्टरीणबाईंनी बदलली. उपास काकीने बदलला नाही. “उपास माझा हाय, गोळी तुमची हाय. तुमचा तुमी बदला,” असं तिने त्यांना सांगितलं, आणि तसंच झालं. संकष्टीला वेगळी गोळी, आणि दुपारी राजगिऱ्याचा लाडू सक्तीचा. बाप्पाची हरकत दिसली नाही.

मी निवृत्त होऊन घरी आलो. आता बोईसरच्या कारखान्यांत आणि बंदरावर प्रथमोपचाराचे वर्ग घेतो. गेल्या पावसाळ्यात पेमाचा व्हिडिओ आला. ती आता तिकडे शिकवते. बर्फाळ मैदान, जाड कोटांतली वीस-पंचवीस पोरं, आणि जमिनीवर खोटे जखमी. भाषा मला काही कळत नव्हती. एक पोरगा जखमीचं सगळं करून उठायला लागला, तर पेमाने त्याला थांबवलं आणि दरडावून काहीतरी विचारलं. त्यातला एक शब्द ओळखीचा वाटला म्हणून मी व्हिडिओ मागे नेऊन परत ऐकला. ‘काकी.’ पोरगा ओशाळला, परत खाली बसला आणि त्याने जखमीच्या पाठीखाली हात घातला.

पेमाला विचारलं तेव्हा तिने लिहिलं, की तिकडे आता त्या तपासणीचं नावच ते पडलंय. वरून काहीही दिसो, कागदावर काहीही असो, उठण्याआधी पाठीखाली हात घालून बघायचं. एकमेकांना विचारतात, काकी केली का?

मी फोन घेऊन काकीकडे गेलो. ती ओट्यावर बोंबील निवडत होती. तिने व्हिडिओ दोनदा बघितला. त्या पोरांनी एवढ्या थंडीत कानटोप्या का घातल्या नाहीत, हे विचारलं. मग मी तिला सगळं समजावून सांगितलं.

“म्हंजे माझा नाव ठेवला त्यांनी.”

“हो.”

“आनि तुझ्या नावाचा काय ठेवला?”

“काही नाही ठेवलं.”

“बरा केला,” काकी म्हणाली, आणि निवडलेले बोंबील माझ्या मांडीवर ठेवून आत चहा टाकायला गेली.